अडीच मीटर मखमल आणि सहा फुटी पलंग

प्रकरण धाकट्या बहिणीच्या घरचं आहे. पलंग पेटीचा, सहा फूट रुंद, साडेसहा फूट लांब. उशाकडे फळी नाही, थेट भिंतीला टेकवलेला. मेव्हण्यांना रात्री बसून वाचायची सवय. पाठीशी दोन उशा लावायच्या, थोड्या वेळात त्या खाली घसरायच्या आणि मग मान भिंतीला. भिंतीवर दोन ठिकाणी डोक्याएवढे तेलकट डाग उमटले होते, आणि घराला रंग देऊन फार दिवस झाले नव्हते.

बहिणीने ठरवलं की मऊ हेडबोर्ड घरीच करायचा. मला सांगितलं तोवर कापड आणून झालं होतं: गडद हिरवी मखमल, अडीच मीटर, पन्हा (म्हणजे कापडाची रुंदी) ५४ इंच. सोबत मोबाइलवर एक फोटो. त्यात पलंगाच्या दोन्ही बाजूंना जरा बाहेर येणारा, चांगला अडीच फूट उंच हेडबोर्ड, त्यावर चौकटच्या पत्त्यासारखी नक्षी आणि प्रत्येक टोकाला खोल दाबलेलं बटण. प्रश्न एकच होता: "दादा, एवढं पुरेल ना?"

अशा कामात लोक सहसा आधी प्लाय किती जाड घ्यायचा, फोम कुठला, पिना कशाने मारायच्या हे विचारतात. बहिणीने नकळत बरोबर जागी बोट ठेवलं. हेडबोर्डची उंची, त्याचे भाग किती, प्लाय कसा कापायचा, हे सगळं कापडाचा पन्हा ठरवतो. लाकूड हवं तसं जोडता येतं, मखमलीला जोड दिला की तो दिसतोच. इथे कापड आधीच घरात असल्यामुळे ही गोष्ट अगदी उघडी पडली.

फोटोतली नक्षी का गेली

आधी साधा हिशेब केला. पलंग ७२ इंच रुंद. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर धरले की हेडबोर्ड ७६ इंच. पन्हा ५४. म्हणजे कापड उभं लावलं तर एका पन्ह्यात बसत नाही, मधे शिवण येणार. आडवं लावलं, म्हणजे कापडाची लांबी हेडबोर्डच्या रुंदीवर घेतली, तर अडीच मीटरचे साधारण ९८ इंच हाताशी असतात. ७६ इंचांत दोन्ही कडांना फोमची जाडी, प्लायची जाडी आणि मागे वळवायचं कापड मिळून पाच-पाच इंच मिळवले की ८६. बसतं. उंचीलाही अडचण नाही.

पण हे सपाट कापडाचं गणित झालं. खोल बटणांच्या नक्षीत कापड प्रत्येक दोन बटणांमधे फोमच्या फुगवट्यावरून चढून पुन्हा खड्ड्यात उतरतं. दोन इंची फोम असेल तर प्रत्येक अंतरामागे दीड ते दोन इंच जास्तीचं कापड जातं. ७६ इंचांत अशी दहा अंतरं धरली तर पंधरा ते वीस इंच नुसते खड्ड्यांत गेले. ८६ चे शंभरच्या वर झाले, आणि आपल्याकडे ९८. नक्षी तिथेच संपली.

मला त्याचं वाईट वाटलं नाही. पाठ टेकून बसायच्या हेडबोर्डवर बटणं मला आवडत नाहीत. ती मणक्याला लागतात, लांब केस त्यांत अडकतात, आणि खड्ड्यांत साचलेली धूळ व्हॅक्युमच्या नळीनेही पुरती निघत नाही. फोटोत त्या हेडबोर्डला टेकून कोणी बसलेलं नव्हतं, हे मी बहिणीला दाखवलं. ती म्हणाली, "बरं, बटणं नकोत, पण मग नुसती सपाट गादी भिंतीवर टांगल्यासारखी नको दिसायला."

आडवं लावायचा रस्ता अजून मोकळा होता. कापड साधं, लव नसलेलं असतं तर मी तेच केलं असतं आणि काम पटकन उरकलं असतं. मखमलीचं तसं नाही. तिच्या लवेला दिशा असते. एका बाजूने हात फिरवला की गुळगुळीत आणि फिकट दिसते, उलट फिरवला की खरखरीत आणि गडद. बसायच्या, टेकायच्या सामानावर लव वरून खाली उतरती ठेवतात, म्हणजे पाठ खाली घसरताना ती लवेबरोबरच जाते. कापड आडवं लावलं की लव डावीकडून उजवीकडे जाते आणि पाठ तिला आडवी घासत राहते. शिवाय या खोलीत खिडकी पलंगाच्या एका बाजूला आहे. कापड भिंतीवर आधी उभं आणि मग आडवं धरून पाहिलं, तर आडव्यात खिडकीकडच्या जागेवरून ते एका रंगाचं आणि दाराकडून दुसऱ्याच रंगाचं दिसत होतं. मेव्हणे म्हणाले, "हे दोन वेगळे तुकडे आहेत का?" तिथे आडव्याचाही निकाल लागला.

राहिला एकच मार्ग. शिवण टाळता येत नाही, तर ती लपवायची नाही, तिचीच रचना करायची. उभे वेगवेगळे पॅनेल करायचे, प्रत्येक स्वतंत्र फळीवर स्वतंत्र मढवलेला, आणि ते शेजारी-शेजारी लावायचे. दोन पॅनेलमधली खाच हीच नक्षी.

उंचीचा वाद

फोटोतल्या हेडबोर्डची उंची तीस इंच असावी. बहिणीला तेवढीच हवी होती. मी मेव्हण्यांना पलंगावर बसवलं, मागे भिंतीला कागद चिकटवला आणि पाठ कुठून कुठवर टेकते ते पेन्सिलने मांडलं. पेटीची उंची १४ इंच, गादी ६ इंच, म्हणजे गादीचा पृष्ठभाग जमिनीपासून २० इंचांवर. ताठ बसल्यावर पाठीचा स्पर्श गादीच्या वर चारेक इंचांवर सुरू झाला आणि खांद्याच्या पात्याशी, विसाच्या आसपास संपला. ताठ बसताना डोकं मागे टेकतच नाही. ते जरा पुढे सरकून सैल बसले तेव्हा डोकं टेकलं, पण तेव्हा अख्खं अंगच खाली उतरलेलं होतं, त्यामुळे डोकंही बावीस-तेवीस इंचांच्या आतच आलं.

म्हणजे गादीच्या वर साडेतेवीस इंच पुरेसे होते. बाकीची उंची शोभेची.

गादीच्या खाली हेडबोर्ड किती उतरवायचा, हा दुसरा प्रश्न. पुष्कळ जण तो पेटीपर्यंत, काही तर जमिनीपर्यंत मढवतात. तिथलं कापड कोणाला दिसत नाही. मात्र गादीच्या बरोबर वरच्या पातळीवरही संपवून चालत नाही. माणूस बसला की गादी दबते आणि फट दिसते, मोबाइल त्या फटीतून पलंगामागे जातो. दोन इंच खाली उतरवणं मला ठीक वाटलं. उद्या सहाऐवजी आठ इंची गादी आली तर हेडबोर्ड वरून दोन इंचांनी कमी दिसेल, हे दोघांना आधीच सांगून ठेवलं.

साडेतेवीस अधिक दोन, साडेपंचवीस. हा आकडा मी पाठीवरून काढला असं वर लिहिलं आहे, पण खरं तर तो कापडाने आधीच ठरवून ठेवला होता. पॅनेलचा फोम दीड इंची, प्लाय अर्धा इंची, मागे वळवून पिना मारायला दीड इंच. म्हणजे चारही बाजूंना साडेतीन इंच जास्त. साडेपंचवीस इंच उंच पॅनेलला कापड लागतं साडेबत्तीस. अडीच मीटरमधे साडेबत्तीसचे तीन टप्पे साडेसत्त्याण्णव इंचांत बसतात. उंची अर्धा इंच जरी वाढवली तरी तिसरा टप्पा जातो. तीस इंच उंची धरली असती तर टप्पा ३७ चा, अडीच मीटरमधे दोनच टप्पे, आणि सहा पॅनेलच्या वर काही निघालंच नसतं.

रुंदीत ७६ चे आठ भाग केले, प्रत्येकी साडेनऊ इंच. दोन्ही बाजूंचे सात मिळवले की साडेसोळा. ५४ च्या पन्ह्यातले दोन्ही काठ सोडले की वापरता येतात ५३. त्यात साडेसोळाचे तीन बसतात, साडेतीन इंच शिल्लक. तीन टप्पे गुणिले तीन, नऊ तुकडे. पॅनेल आठ. एक तुकडा राखीव. या नवव्या तुकड्याला पुढे महत्त्व आलं.

दुकानात कापड फाडून देतात तेव्हा टोक क्वचितच काटकोनात असतं. इथे सगळ्या लांबीत मिळून जेमतेम इंचभर सूट होती. म्हणून कापायच्या आधी काठाला गुनिया (काटकोन तपासायची सुतारी पट्टी) लावून पहिलं टोक सरळ केलं, उलट्या बाजूने खडूने नऊही तुकडे आखले, आणि प्रत्येकावर लवेच्या दिशेचा बाण काढला. तो बाण नसेल तर कापल्यानंतर तुकड्यांच्या ढिगात वर कुठलं आणि खाली कुठलं हे दिव्याखाली कळत नाही. दिवसा उजेडात, पॅनेल भिंतीवर चढल्यावर मात्र लगेच कळतं.

प्लाय, आणि एक सूत

१२ मिमी प्लायची आठ बाय चार फुटी एक शीट पुरली, आणि ती अशी पुरली की कातरण म्हणून फारसं काही उरलं नाही. मागची मोठी फळी साडेपंच्याहत्तर बाय पंचवीस, म्हणजे पॅनेलच्या एकूण मापापेक्षा अर्धा इंच लहान. नाहीतर बाजूने पाहताना प्लायची कड दिसते. तिच्याच ओळीत शीटच्या टोकाला दोन पॅनेल. उरलेल्या साडेबावीस इंची पट्ट्यात तीन-तीनच्या दोन रांगा, सहा पॅनेल. खाली तीन इंचांच्या वर रुंद, आठ फूट लांब पट्टी उरली, ती भिंतीवर टांगायच्या कामी आली.

पॅनेल मात्र साडेनऊ इंचांचे कापले नाहीत. नऊ इंच तीन सूत, म्हणजे मापापेक्षा एक सूत, इंचाचा आठवा भाग, कमी. कागदावर साडेनऊचे आठ बरोबर ७६ होतात. पण प्रत्येक पॅनेलच्या दोन्ही कडांवरून मखमल वळते. मखमल दाबली तरी मिलिमीटरभर जाड भरते. आठ पॅनेलच्या सोळा कडा, म्हणजे सोळा मिलिमीटर आले कुठून तरी. ते आधी वजा केले नाहीत तर शेवटचा पॅनेल बसत नाही, किंवा ठोकून बसवला की मधले फुगून पुढे येतात. एक सूत गुणिले आठ, म्हणजे एक इंच. सोळा मिलिमीटर कापडाचे, बाकीची सुटीची जागा फोमच्या फुगवट्याने भरून निघते.

कडांना पॉलिश पेपर फिरवून धार मोडली. प्लायची ताजी कड मखमलीला आतून कापते, आणि ते लगेच दिसत नाही.

फोम

फोमवर घनतेचा आकडा असतो तो एका घनमीटर फोमचं वजन किलोत सांगतो. ३२ म्हणजे घनमीटरला ३२ किलो. आकडा मोठा म्हणजे फोम कडक असंच नाही; घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण घनता कमी असेल तर फोम लवकर बसतो हे नक्की. बसायच्या गादीला जो भार येतो तो टेकायच्या पाठीला येत नाही, म्हणून इथे ३२ चा, दीड इंची पुरला. ४० चा घेतला असता तरी चाललं असतं. तपासायची रीत सोपी आहे: तुकडा प्लायवर ठेवून त्यावर कोपर टेकून भार द्यायचा, खालचं लाकूड कोपराला लागलं तर तो फोम नको.

फोम प्लायच्याच मापाचा कापला. लहान पात्याच्या कटरने कापताना पातं तिरकं होतं आणि कड वरून एक, खालून एक अशी निघते. लांब पात्याची सुरी, शेजारी लाकडी पट्टी धरून, एकाच दिशेने ओढत नेली तर कड उभी राहते. चिकटवायला सोल्यूशन अगदी पातळ, तेही फक्त प्लायच्या बाजूला. जाड थर वाळून गाठी होतात आणि त्या पाठीला लागतात. खिडक्या उघड्या, आसपास गॅस किंवा पेटती उदबत्ती नाही; त्या वाफा भडकतात.

आगीवरून एक गोष्ट इथेच सांगतो. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. तो पेटला तर झपाट्याने पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. ब्रिटनमध्ये १९८८ साली घरगुती फर्निचरच्या आगीबाबत नियम झाले, त्यांत पलंगाचे हेडबोर्डही धरलेले आहेत. मेव्हण्यांना वाचायचा दिवा हेडबोर्डच्या वरच्या कडेला चिमट्याने अडकवायचा होता. मी तो भिंतीवर, हेडबोर्डपासून दूर लावायला सांगितला, आणि तोही एलईडीचा.

फोमवर पॉलिफिलची, म्हणजे पॉलिएस्टरच्या कापसासारख्या थराची, पातळ शीट घातली. पुष्कळ जण ती फक्त मऊपणासाठी समजतात आणि वाचवतात. तिचं खरं काम वेगळं आहे. फोम कापडाला आतून धरून ठेवतो. कापड ताणताना ते फोमवरून सरकत नाही आणि ताण एका जागी अडकतो. मधे पॉलिफिल असली की कापड तिच्यावरून सहज सरकतं.

मढवणं

एक पॅनेल जवळून सांगतो, बाकीचे तसेच.

मखमल उलटी जमिनीवर, बाण आपल्या दिशेने. खाली जुनी स्वच्छ चादर, नाहीतर लव फरशीवर दबते. तिच्यावर पॉलिफिल आणि फोम लावलेला प्लाय पालथा. आधी वरच्या कडेच्या मधोमध एक पिन. मग खालच्या कडेला कापड तळहाताने सारखं करत ओढून मधोमध दुसरी. मग डावी, मग उजवी. या चार पिना पडल्या की पॅनेल उलटून समोरून बघायचा: काठाचा धागा कडेला समांतर आहे ना? नसेल तर चार पिना काढणं सोपं आहे, चाळीस काढणं नाही. ठीक असेल तर मधून कोपऱ्यांकडे, आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंना, दोन बोटांच्या अंतराने. कोपऱ्याच्या दोन इंच अलीकडे थांबायचं.

ताण किती द्यायचा, हे शब्दांत सांगणं अवघड आहे. एक खूण: तयार बाजूवर तळहात ठेवून बाजूला ढकलला तर कापडाची लाट उठता कामा नये, आणि फोमची कड दबून गोल होण्यापलीकडे तिचा आकार बदलता कामा नये. फार ओढलं की पिनांच्या जागी कडेवर ओरखडल्यासारख्या रेषा दिसतात. मखमल बोटांच्या टोकांनी चिमटून ओढू नये, तिथे लव कायमची मोडते.

कोपरा हाच या कामातला खरा प्रश्न होता. कोपऱ्यावर कापड जास्त होतं, त्याची घडी कुठेतरी घालावीच लागते. एकट्या गादीवर घडी बाजूला घेतली काय नि वर घेतली काय, सारखंच. इथे पॅनेल शेजारी-शेजारी टेकणार आहेत. घडी बाजूच्या कडेवर घेतली तर तिथे मखमलीचे तीन पदर होतात, आणि दोन पॅनेलमधली खाच वर-खाली एक नि मधे एक अशी होते. म्हणून बाजूचं कापड आधी कोपऱ्यावरून वरच्या कडेवर ओढून घ्यायचं, तिथे पिन मारायची, आतलं फाजील कापड कात्रीने काढायचं, आणि मग वरचं कापड त्यावर सरळ घडी घालून खाली आणायचं. जाडी सगळी वरच्या नि खालच्या कडेवर जाते, बाजू एकपदरी राहते. बहिणीने पहिल्या पॅनेलवर ही घडी पाहिली आणि पुढचे सगळे कोपरे तिनेच केले. तिचा हात शिवणकामाचा, माझा सुतारकामाचा. तिचे कोपरे माझ्यापेक्षा बरे आले हे दिसतं.

पिना ८ मिमी पायाच्या. घडीच्या जागी १० मिमी. प्लाय कडक असल्यामुळे काही अर्धवट उभ्या राहिल्या, त्या हातोडीने बसवल्या. एकही उभी राहता कामा नये, कारण पॅनेल मागच्या फळीवर सपाट बसायला हवा.

जोडणी आणि भिंत

पॅनेल मागच्या फळीवर स्क्रूने धरले, मागून, प्रत्येकी चार. इथे स्क्रूची लांबी महत्त्वाची. मागची फळी १२ मिमी, पॅनेल १२ मिमी, एकूण २४. एक इंची स्क्रू २५ मिमीचा असतो. तो फोममधे टोक काढतो. पाऊण इंची, १९ मिमीचा घेतला. स्क्रूच्या जागा मागे वळवलेल्या कापडाच्या आत, कडेपासून दोन इंचांवर. कापडातून स्क्रू गेला तर तो धागा गुंडाळत आत जातो आणि समोर मखमलीवर सरळ रेघ उठते.

आठही पॅनेल आधी जमिनीवर मांडून दोन्ही टोकांकडून मधे सरकवत बसवले आणि मगच मागची फळी वर ठेवून स्क्रू मारले. एका टोकाकडून सुरुवात केली तर सगळा फरक शेवटच्या पॅनेलवर गोळा होतो.

तयार हेडबोर्डचं वजन बावीस-तेवीस किलो भरावं: दोन्ही प्लायचे मिळून वीसेक, फोमचे दीड-एक, बाकी कापड नि स्क्रू. टांगायला शीटची उरलेली पट्टी लांबीत ४५ अंशांत चिरली. एक पट्टी भिंतीवर, धार वर आणि उतार भिंतीकडे. दुसरी हेडबोर्डच्या मागे उलटी. वरून खाली सोडला की एकमेकींत अडकतात आणि वजनानेच घट्ट होतात. खालच्या बाजूला तेवढ्याच जाडीची पट्टी लावली, नाहीतर हेडबोर्ड खालून भिंतीकडे कलतो.

भिंतीला भोकं पाडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहिल्या. स्विचबोर्ड पलंगाच्या उजवीकडे होता. त्याच्या सरळ वर आणि सरळ खाली भिंतीत वायरी असू शकतात, तो पट्टा सोडला. आणि ओल. भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून ठेवला आणि नंतर काढून मागची बाजू पाहिली. कोरडी होती. दव साचलं असतं तर मी काम तिथेच थांबवायला सांगितलं असतं. ओल्या भिंतीवर मखमल आणि फोम लावणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. भोकं ८ मिमीची, त्यांत तेवढ्याच गिट्ट्या, स्क्रू अडीच इंची. गिट्टी विटेत बसायला हवी, नुसत्या गिलाव्यात नाही.

तिरक्या पट्ट्यांची ही जोडी खाली येणारं वजन उत्तम पेलते, पण वर उचललं की सुटते. त्यासाठीच तर ती आहे. माणूस मात्र पलंगावर मागे सरकून बसताना पाठीने हेडबोर्ड वरही ढकलतो. म्हणून खालच्या कडेला, गादीच्या आड, दोन लहान एल-पट्ट्या भिंतीला आवळल्या.

एक गोष्ट पलंगावरच कळली. सगळी जाडी मिळून हेडबोर्ड भिंतीपासून तीन इंच पुढे येतो, तेवढा पलंग पुढे घ्यावा लागला. पेटीचं झाकण उशाकडे बिजागरीवर उघडतं. ते उघडलं की गादी मागे घसरून हेडबोर्डच्या खालच्या कडेला टेकते. तिथे मखमल घासणार हे उघड आहे. जागा गादीच्या आड असल्यामुळे ते तसंच राहू दिलं.

वर्ष उलटल्यावर

फोम बसलेला नाही. खाचा सरळ आहेत. डोकं टेकतं तिथे दोन पॅनेलवर लव दबून फिकट झाली आहे. वाफेची इस्त्री चार बोटं दूर धरून, कापडाला न टेकवता, आणि मग मऊ ब्रशने लव वर उचलून ती बरीचशी परत येते, पूर्ण नाही. उशा आता घसरत नाहीत, कारण मेव्हणे त्या लावतच नाहीत.

मधल्या एका पॅनेलवर पेनची शाई सांडली. मेव्हण्यांनी ती ओल्या फडक्याने पुसली आणि डाग हातभर झाला. इथे राखीव तुकडा कामाला आला. एल-पट्ट्या सोडवल्या, हेडबोर्ड उचलून पलंगावर पालथा घातला, चार स्क्रू काढले, पॅनेल सुटा. जुन्या पिना काढून नवा तुकडा बहिणीने एकटीने चढवला. एकसंध हेडबोर्ड असता तर अख्खं कापड बदलावं लागलं असतं, आणि एकाच डागासाठी ते कोणी केलं नसतं.

नवा पॅनेल जागेवर लावून पाहिला तर तो शेजाऱ्यांपेक्षा ठसठशीत गडद दिसला. तुकडा वर्षभर कपाटात अंधारात होता, बाकीच्यांनी खिडकीचा उजेड आणि पाठी सोसल्या होत्या. पॅनेल सगळे एका मापाचे असल्यामुळे अदलाबदल करता आली: नवा पॅनेल खिडकीपासून लांबच्या टोकाला नेला, टोकाचा मधे आणला. टोकाला तसंही कोणी टेकत नाही, आणि तिकडचं कापड आधीपासूनच जरा गडद राहिलं होतं. आता फरक सांगितल्याशिवाय कळत नाही.

राखीव तुकडा मात्र संपला. त्याच दुकानातून त्याच रंगाचं कापड आणलं तरी रंगाईचा घाणा वेगळा असणार आणि छटा जुळणार नाही. त्यामुळे पुढचा डाग पडला तर दोन्ही टोकांचे पॅनेल मुद्दाम वेगळ्या, राखाडी रंगात मढवायचे आणि सुटलेली हिरवी मखमल मधल्या दुरुस्तीला वापरायची, असं बहिणीने ठरवून ठेवलं आहे. मेव्हण्यांनी पेन पलंगावर आणायचं बंद केलेलं नाही.